एक इमान उनं नही

जळगाव सोडलं तेव्हा सकाळचे साडेसहा झाले होते आणि हँडलवरची बोटं आपली वाटत नव्हती. ज्यांनी खान्देश फक्त मे महिन्यात पाहिलाय, त्यांना डिसेंबरातली ही थंडी सांगून पटत नाही. मावसभावाची मोटारसायकल घेतली होती. गिरणेवर धुई इतकी दाट, की पुलाखालचं पात्र दिसेना. बांभोरीला विद्यापीठ मागे टाकलं, पाळधीला चहा घेतला आणि धरणगावच्या पुढे कुठे ऊन अंगाला लागलं. दोन्ही बाजूंना वेचणी उरकत आलेली कपाशी. बोंडं उलून रिकामी झालेली, मधूनच एखादं पांढरं पुंजकं राहिलेलं. कापसाची शीग लावलेल्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघालेल्या, त्यांच्या मागे मागे हळू जावं लागत होतं.

अमळनेर म्हटलं की कुणाला सानेगुरुजी आठवतात, कुणाला प्रताप कॉलेज. व्यापारातल्या माणसाला विप्रो आठवते, कारण १९४५ साली ती कंपनी इथंच वनस्पती तूप काढायला सुरू झाली. मला नाना आठवतात. नाना म्हणजे आईचे धाकटे मामा. अमळनेरपासून आत, बोरीच्या काठच्या एका गावात त्यांचं धाब्याचं घर आहे. ते १९६६ साली हवाई दलात एअरमन म्हणून भरती झाले, एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा बघणारे, होते, पंधरा वर्षं भरून सार्जंट म्हणून परतले आणि शेती बघू लागले. पंजाबातल्या आदमपूरच्या तळावर त्यांची काही वर्षं गेली. मी गेलो होतो ते त्याच आदमपूरबद्दल विचारायला.

गेल्या पावसाळ्यापासून एक माणूस माझ्या डोक्यातून जात नाहीये. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या. कर्नाटकातल्या कोडगूचा. ज्या मुलखानं करिअप्पा आणि थिमय्यांसारखे सेनापती दिले त्याच मुलखातला. जन्म २४ डिसेंबर १९३२, हवाई दलात १९५४ पासून. १९६५ ची लढाई पेटली तेव्हा नव्या वैमानिकांना शिकवणारा प्रशिक्षक म्हणून त्याचं नाव झालेलं होतं. आपल्याकडे १९६५ चं युद्ध म्हटलं की रणगाडे आठवतात, पंजाबातल्या असल उत्तर गावची लढाई आठवते. देवय्याचं नाव मी पन्नाशी गाठेपर्यंत ऐकलं नव्हतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

नाना ओट्यावर बसले होते. "कवय निंघना?" कधी निघालास, एवढंच इथल्या अहिराणीत विचारलं आणि माझ्याकडे न बघता आधी गाडीकडे गेले. चेन हातानं हलवून पाहिली. मग आत पाना आणायला गेले. मामींनी तोवर चूल पेटवली होती. वांगी पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजायला ठेवली होती, लांबट, हिरवी, इथलीच. भरीत व्हायला वेळ होता.

मी देवय्याचं नाव काढलं आणि नानांनी पाना खाली ठेवला.

"आम्ही आदमपूरला गेलो तेव्हा लढाई होऊन तीन वर्षं झाली होती," ते म्हणाले. "जुने फिटर रात्री बॅरेकमध्ये सांगायचे. सात तारखेला पहाटे मिस्टिअर विमानं गेली सरगोध्याला. परत आली तशी मोजली. एक इमान उनं नही." एक विमान आलं नाही. त्यांनी बोट वर केलं आणि पुन्हा म्हणाले, "एक इमान उनं नही. बस, तेवढंच माहीत होतं सगळ्यांना."

झालं होतं ते असं. ६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पाकिस्तानी सेबर विमानांनी पठाणकोटच्या तळावर हल्ला केला आणि आपली विमानं जमिनीवरच जळाली. दुसऱ्या दिवशी पहाटे आदमपूरहून एक नंबरच्या स्क्वाड्रनची मिस्टिअर विमानं सरगोध्यावर निघाली. सरगोधा म्हणजे पाकिस्तानी हवाई दलाचं काळीज. फ्रेंच बनावटीच्या मिस्टिअरसाठी ते अंतर पल्ल्याच्या अगदी कडेचं होतं. जाऊन बॉम्ब टाकून परत यायचं एवढंच इंधन, वाटेत झुंजायला वाव नाही. नेतृत्व विंग कमांडर तनेजांकडे होतं. मोहिमेत बारा विमानं ठरली होती आणि देवय्या त्या बारांत नव्हता. तो राखीव होता. कुणाचं विमान अडलं तर जागा भरायची, नाहीतर घरी थांबायचं. एक विमान अडलं आणि देवय्या त्याच्या जागी गेला.

बाकीचे हल्ला करून परत वळले. देवय्याच्या मागे मात्र एक पाकिस्तानी स्टारफायटर विमान लागलं. फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन ते चालवत होते. स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगानं जाणारं, अमेरिकेनं दिलेलं, त्या काळच्या सगळ्यात तेज लढाऊ विमानांपैकी एक. मिस्टिअर सरळ उडताना ध्वनीचा वेगही गाठत नसे. स्टारफायटरनं मारा केला, देवय्याच्या विमानाला लागला, आणि आता हे संपलं अशा समजुतीनं हुसेन दुसऱ्या विमानांकडे वळले. पण देवय्याचं विमान पडलं नव्हतं. जखमी विमान घेऊन तो उलट त्यांच्याच अंगावर गेला. जमिनीजवळ, कमी वेगात, वळणावळणाची झुंज झाली. स्टारफायटरचे पंख आखूड, सुरीसारखे पातळ. पळायला त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं, पण वळायला ते जड. देवय्याच्या तोफेच्या गोळ्यांनी ते विमान पाडलं. हुसेन उडी मारून वाचले. देवय्या तिथंच, त्या परक्या मातीत राहिला. ३२ वर्षांचा होता.

आणि हे आपल्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. सोबतच्यांपैकी कुणी ही झुंज पाहिली नव्हती. कागदावर तो बेपत्ता, आणि नंतर मृत समजला गेलेला.

मी हे बोलत होतो तेव्हा नाना जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी मला फॉर्म सातशेबद्दल सांगितलं. मी इतकं वाचलं होतं, पण हे कुठं वाचलं नव्हतं.

विमान उडायच्या आधी प्रत्येक कामाचा माणूस त्या फॉर्मवर सही करतो. सांगाड्याचा फिटर, इंजिनाचा, विजेचा, उपकरणांचा, दारूगोळ्याचा. म्हणजे मी तपासलं, माझ्या बाजूनं विमान उडायला योग्य आहे. शेवटी वैमानिक सही करून विमान ताब्यात घेतो. विमान आकाशात जातं, फॉर्म जमिनीवर राहतो.

"इमान परत उनं तर फॉर्मवर पुढची ओळ लिहितात," नाना म्हणाले. "नही उनं तर तुझी सही तशीच. तिच्याखाली काही नाही. आणि भाऊ, फिटरच्या मनात पहिला विचार काय येतो? दुश्मनानं पाडलं असंल, हा नंतर येतो. पहिला येतो, माझं काही राहिलं का? एखादी पिन, एखादा नट. ज्यानं देवय्यासाहेबांच्या विमानावर सही केली असंल, त्यानं किती रात्री काढल्या असतील, तूच सांग."

मी काही बोलू शकलो नाही. शूर माणसाची कथा आपण नेहमी आकाशातून सांगतो. खाली धावपट्टीच्या कडेला उभं राहून परतणारी विमानं मोजणाऱ्या माणसाची बाजू मला त्या ओट्यावर पहिल्यांदा कळली.

उत्तर मिळालं ते पाकिस्तानातून. १९७९ साली एका इंग्रज लेखकाचं त्या हवाई युद्धावर पुस्तक आलं. पाकिस्तानी हवाई दलानंच त्याला माहिती दिली होती. त्यात लिहिलं होतं, की ७ सप्टेंबरला सरगोध्याजवळ एका मिस्टिअरनं एक स्टारफायटर पाडलं. त्या पहाटे परतलेल्या मिस्टिअरवाल्यांपैकी कुणीही स्टारफायटरशी झुंज दिल्याचं सांगितलं नव्हतं. मग उरला कोण? तनेजांनी ते प्रकरण लावून धरलं. १९८८ साली, म्हणजे २३ वर्षांनी, देवय्याला मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झालं आणि त्याच्या पत्नी सुंदरी देवय्या यांनी ते स्वीकारलं. २३ वर्षं त्या बाईनं काय ऐकलं असेल? बेपत्ता. शत्रूनं दिलेल्या साक्षीवर आपल्या माणसाचा पराक्रम सिद्ध व्हावा, यातलं मोठेपण मला मान्य आहे, पण आपल्याला इतकी वर्षं लागावीत हे अजूनही गळी उतरत नाही.

नाना तेव्हा गावात होते. ग्रामपंचायतीत येणाऱ्या पेपरात त्यांनी ती बातमी वाचली आणि कात्रण मागून घरी आणलं. ते उठले, आतून पत्र्याची ट्रंक ओढली. झाकणावर त्यांचा सर्व्हिस नंबर पांढऱ्या रंगात अजून वाचता येतो. कात्रण पिवळं पडून घडीवर फाटलं होतं. "हे वाचलं आणि मला एकच वाटलं," नाना म्हणाले, "इमानात खोट नव्हती. मार लागल्यावर सुद्धा लढलं ते. कुणीतरी नीट बांधलं होतं."

मामींनी हाक मारली. लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत, कांद्याची पात, शेंगदाणे, वर तेल, आणि कळण्याची भाकरी. जेवताना नाना फारसं बोलले नाहीत. मामींनीच सांगितलं, की हे अजून कुणी बाहेरगावी निघालं की त्याची गाडी तपासल्याशिवाय सोडत नाहीत. धाकट्या नातवाची सायकलसुद्धा.

चारला निघालो. नानांनी चेन ताणून बसवली होती, मागच्या चाकाचा नट पुन्हा एकदा पिळून पाहिला, दोन्ही टायर अंगठ्यानं दाबले. "पोचनास का फोन कर," म्हणाले. फाट्यावर वळताना मागे पाहिलं तेव्हा ते रस्त्याच्या कडेला तसेच उभे होते.

जळगावात पोचायला अंधार पडला. गाडी लावली आणि पाय न धुताच फोन केला. पहिली रिंग पुरी वाजायच्या आत त्यांनी उचलला.

"पोचना का?"

"पोचलो नाना."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "गाडीनी चेन वाजनी का?"