होडीने गोवा, म्हणजे जयगडपर्यंत होडी आणि पुढे एसटी

आधीच सांगते, हे वाचून कुणी मुंबई-गोवा शिडाच्या होडीने जायचा प्लॅन करू नका. म्हणजे करा, पण दिवाळीच्या तोंडावर नको, आणि माझ्या नवऱ्याबरोबर तर अजिबातच नको.

गोष्ट २०१९ची. नणंद गोव्यात पर्वरीला राहते. तिच्याकडे भाऊबीजेला जायचं ठरलं आणि नवऱ्याच्या डोक्यात आलं की या वर्षी होडीने जाऊ. होडी अठ्ठावीस फुटी, सेकंडहँड, तीन वर्षं तिच्यावर जेवढा पैसा ओतला त्यात आमच्या स्वयंपाकघराचं दोनदा रिनोव्हेशन झालं असतं. माझा धाकटा भाऊ पण तयार झाला, कारण त्याला तेव्हा माहीत नव्हतं की आपल्याला बोट लागते. त्या वर्षी पाऊस हटतच नव्हता, परतीचा प्रवास सुरूच मुळी ९ ऑक्टोबरला झाला, इतका उशीर आजवर कधी झाला नव्हता म्हणे. १६ तारखेला मान्सून देशातून गेल्याचं जाहीर झालं आणि नवऱ्याने त्याच दिवशी डिझेलचे कॅन भरून आणले. २१ला मतदान केलं आणि २२ला पहाटे बोटावरच्या शाईसकट गेटवेवरून निघालो.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. खांदेरी डाव्या हाताला टाकून खाली आलो, वारा नावालाच होता, इंजिनावरच चाललो, रात्री जंजिऱ्याच्या आडोशाला नांगर टाकला. जंजिऱ्याबद्दल सगळ्यांनी सगळं लिहून झालंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास हर्णैच्या अलीकडे इंजिन एकदम धप्प करून बंद पडलं. पंख्यात जाळं. निळी नायलॉनची दोरी पंख्याभोवती अशी आवळून बसलेली की पिळलेला टॉवेल. नवरा कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला, हातात माझी ब्रेड कापायची सुरी, त्या दोराचं दुसरं टोक माझ्या हातात, आणि भाऊ दुसऱ्या बाजूला वाकून त्याचं ते चालू. होडीचं बूड वरखाली आपटत होतं आणि नवऱ्याचं डोकं त्याच्या खालीच. तो पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. मी काय विचार करत होते सांगू? सुरी परत धारेला द्यावी लागेल, हा. माणूस घाबरला की असलंच काहीतरी सुचतं बहुतेक.

तेवढ्यात जाळंवाल्यांची बोट आली. चिडलेच होते आणि त्यांचं बरोबरच होतं, जाळं फुकट येत नाही. दोन हजार मागितले, आम्ही दिले, घासाघीस करायचं तोंडच नव्हतं. पैसे मोजून झाल्यावर त्यांचा तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, म्हणाला, "पाणी बघितलंत काय? वारा नाय आणि पाणी एवढं फुगलंय. लांब कुठेतरी वादळ हाय. उद्या निघू नका." मी पाण्याकडे बघितलं. खरंच, वर एक सुरकुती नाही, आणि खालून मोठे मोठे उंचवटे येतायत, सावकाश, दक्षिणेकडून. नवऱ्याने फोनवरचं ॲप दाखवलं, कमी दाबाचा पट्टा होता तिथे, पण म्हणे तो ओमानच्या दिशेने जाणार. (गेलाही. पण आधी आमच्याकडे बघून गेला.)

आता कबुलीजबाब. नवरा हर्णैला थांबायला तयार होता. मीच नको म्हटलं. सुवर्णदुर्गाच्या शेजारी नांगरून ती रात्र काढली ना, होडी रात्रभर अशी डावी-उजवी लोळत होती की कपाटातली वाटी-भांडी पहाटेपर्यंत वाजत होती. टॉयलेट म्हणजे एका पडद्यामागचा डबा आणि पडद्याच्या अलीकडे माझा सख्खा भाऊ. वर नणंदेचा फोन, येताय ना वेळेत, मी बेसनाचे लाडू केलेत. मी म्हटलं चल, जे काय व्हायचं ते चालत्या होडीत होऊ दे. त्यामुळे पुढच्या सगळ्याला मीही जबाबदार आहे, पण हे मी घरी कधी बोललेले नाही.

२४ला सकाळी निघालो. नऊपर्यंत बरं होतं, मग वारा समोरून सुरू झाला, आग्नेयेकडून, पावसाच्या सरी आडव्या. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, नागमोडी जावं लागतं, म्हणजे दहा मैल कापायचे तर पंधरा चालायचं. दाभोळच्या खाडीत शिरावं म्हटलं तर तोंडाशी पांढऱ्या लाटा फुटताना दिसत होत्या, हिंमत झाली नाही. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, ही सगळी माझी मे महिन्यातली गावं, तिथल्या किनाऱ्यावर बसून मी कित्येकदा म्हटलंय की समुद्र कसला सुंदर आहे. समुद्राकडून तीच गावं अकरा तास हळूहळू सरकताना बघितली.

आणि फराळ! चार दिवस खपून केला होता. आतल्या बाकाखाली तीन डबे, त्यांच्या शेजारी डिझेलचा कॅन, हा शहाणपणा कुणाचा ते सांगत नाही. एका लाटेला कॅन आडवा झाला आणि चकलीच्या डब्याचं झाकण उघडलं. चिवड्यात वरच्या खिडकीतून खारं पाणी. शंकरपाळे तेवढे वाचले, ते भावाला दाखवले तर त्याने पुन्हा बाहेर मान काढली.

अंधार पडता पडता जयगडच्या किल्ल्याला वळसा घालून शास्त्री नदीच्या मुखात शिरलो आणि एकदम लाटा बसल्या. बंदरात धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागलाच होता. आत बोटीच बोटी, रत्नागिरीच्या, गुजरातच्या, सगळ्या आसऱ्याला आलेल्या. आम्हाला कडेला जागा मिळाली. एवढी गर्दी म्हणून नवऱ्याने नांगराला साखळी कमी सोडली, जास्त सोडली तर होडी फिरून दुसऱ्यावर जाईल म्हणून. मुगाची खिचडी खाल्ली आणि मेल्यासारखे झोपलो.

रात्री दोनला मला जाग आली. का ते कळेना. पाऊस तर आधीपासून होता. मग लक्षात आलं, शेजारच्या ट्रॉलरचा लाल दिवा झोपताना माझ्या पायाकडच्या खिडकीत होता, तो आता उशाच्या खिडकीत होता. पडून त्याच्याकडे बघत राहिले. दिवा सरकत होता. म्हणजे दिवा नाही, आम्ही. अमावास्या तीन दिवसांवर, उधाणाची ओहोटी, वरून पावसाने फुगलेली नदी आणि मागून वारा, तेवढ्याशा साखळीवर नांगर चिखलात धरणार तरी कसा, नांगरणीला लागल्यासारखा तळ उकरत चालला होता. नांगर घसरला की वाजणारा अलार्म नवऱ्याने फोनवर लावला होता. फोनची बॅटरी संपली होती.

मी ओरडले. नवरा चड्डीवरच इंजिनाकडे धावला, ते खोकत राहिलं आणि सुरू होईना, काल जाळं अडकल्यापासून त्याचं काहीतरी बिनसलंच होतं. मागे एका मोठ्या बोटीचा काळा पुढचा भाग वरखाली होताना दिसत होता, घराएवढा, प्रत्येक वेळी थोडा जवळ. तेवढ्यात त्या बोटीवर टॉर्च पेटला आणि आवाज आला, "ओ वैनी! नांगर सुटलाय तुमचा! दोर घ्या!" पहिला दोर पाण्यात पडला. दुसरा थेट भावाच्या तोंडावर बसला आणि त्याने तो दोन्ही हातांनी धरला, त्या अख्ख्या प्रवासातलं त्याचं हे एकमेव काम, पण काय काम केलं! पुढच्या क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीला, दोन वेढे पडेपर्यंत आम्ही त्यांच्या बाजूने घासत मागे गेलो, रंगाचा एक हातभर पट्टा त्यांच्या फळ्यांवर राहिला. मग दोर ताणला गेला, कर्रकन वाजला आणि आम्ही थांबलो. गायीमागे वासरू बांधावं तशी आमची होडी त्यांच्या मागे. मी खाली बसले आणि मला हसूच येत राहिलं, नवऱ्याला वाटलं रडतेय.

सकाळी त्यांच्या बोटीवरून चहा आला, बादलीत किटली ठेवून दोरावरून सोडला. आम्ही हात जोडून काय काय बोलायला लागलो तर तांडेल मध्येच तोडून म्हणाला, "ते ऱ्हाऊदे, काल निकाल काय लागला? आमचा फोन भिजला." नवऱ्याने रेडिओवर ऐकलेले आकडे सांगितले, भाजप १०५, सेना ५६. त्यावर अर्धा तास वरच्या बोटीतून खालच्या बोटीत चर्चा, पाऊस चालूच. मी बदल्यात चकल्या पाठवल्या, डब्याच्या तळातल्या, त्यातल्या त्यात बऱ्या. त्याने एक खाल्ली, शांतपणे चावली, आणि खलाश्याला म्हणाला, "ह्या इंजिनात टाक."

त्या दिवशी वादळाचं नाव कळलं, क्यार. २५, २६, २७ पाऊस, पत्ते, खिचडी. नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान आकाशातूनच झालं. खलाश्यांमध्ये तीन नेपाळी मुलं होती, त्यांनी लक्ष्मीपूजनाच्या रात्री बोटीच्या टपावर टॉर्च ओळीने लावून ठेवले, पणत्या टिकल्याच नसत्या.

२८ला नवऱ्याने पुन्हा शिडाकडे बघितलं, मी बॅग भरली. होडी त्याच तांडेलाच्या नजरेखाली ठेवली. दोर मात्र त्याने परत मागून घेतला, आमच्याच दुकानातला नवा घ्या म्हणाला. एसटीने रत्नागिरी, तिथून ट्रेनने थिवी. गेलो ते बरंच झालं, कारण क्यार हटतंय तोवर मागून महा नावाचं दुसरं वादळ आलं, आणि होडी डिसेंबरपर्यंत जयगडलाच राहिली.

भाऊबीजेला नणंदेने नवऱ्याला आणि माझ्या भावाला शेजारी शेजारी पाटावर बसवलं, म्हटली एकदमच ओवाळू दोघींनी. आम्ही निरांजन घेऊन उभ्या, आणि समोर हे दोघं डोळे मिटून, एका लयीत, डावीकडे, उजवीकडे.

"अरे नीट बस ना, किती हलतोयस!" नणंद म्हणाली, आणि माझ्या हातातलं ताटही तिकडेच झुकत होतं.