माळ्यावर डॉर्मर काढताना

उतरत्या छपराखालचा माळा कागदावर ऐसपैस दिसतो. ताठ उभं राहता येतं ते मात्र आढ्याखालच्या पट्ट्यातच. म्हणून छपराचा एक उतार कापून तिथे उभी भिंत, खिडक्या आणि वेगळं छप्पर, म्हणजे डॉर्मर, काढायचं ठरलं.

घरात पहिला वाद आकारावरून. त्रिकोणी माथ्याचा छोटा डॉर्मर देखणा खरा, पण त्याने उजेड वाढतो, जागा फारशी नाही. आम्हाला खोली हवी होती. म्हणून मी एकाच उताराच्या लांब डॉर्मरवर अडून बसलो. बाहेरून तो खोक्यासारखा दिसतो हे मान्य, म्हणून घराच्या मागच्या बाजूला घेतला.

इंजिनिअरने खिडक्यांचा विषयच काढला नाही. आधी पाहिलं ते छप्पर सुट्या वाशांचं आहे की तयार कैच्यांचं, म्हणजे दांडे जोडून केलेल्या त्रिकोणी सांगाड्यांचं. कैचीचा एक दांडा कापला तरी ती सगळीच कमकुवत होते. आमचे वासे निघाले. पण आढ्याला नुसती फळी होती, आणि अशी फळी भार पेलत नाही: समोरासमोरचे वासे एकमेकांना रेटून उभे असतात, त्यांचे पाय खालची आडवी लाकडं बाहेर सरकू देत नाहीत. एका बाजूचे वासे काढले की हा तोल गेला. त्यामुळे फळीच्या जागी खरी तुळई आली आणि तिच्या टोकांखालचे खांब खालच्या भिंतींतून थेट पायापर्यंत न्यावे लागले. काम माळ्यावरचं, फोडाफोड स्वयंपाकघरात! माळ्याची जमीनही तशीच. ती लाकडं खालचं छत पेलण्यापुरतीच होती, त्यांच्यावर पलंग-कपाटं ठेवणं शक्य नव्हतं. शेजारी जास्त उंचीची नवी लाकडं बसवली, जमीन वर आली, डोक्यावरची उंची घटली आणि नकाशा पुन्हा काढावा लागला. उंची मोजताना जमीन आणि छत दोन्हींची जाडी आधीच वजा करावी, हे सगळ्यांनाच सांगतो.

परवानगीला लागायचा तेवढा वेळ लागला. छप्पर मात्र कोरड्या हंगामातच उघडलं, रोज संध्याकाळी ताडपत्री बांधून.

माझी खरी खटपट झाली ती फ्लॅशिंगवर, म्हणजे सांध्यातून पाणी आत शिरू नये म्हणून लावायच्या पत्र्यावर. डॉर्मरची बाजूची भिंत जुन्या छपराला टेकते तिथे कंत्राटदाराला पत्र्याची एकच लांब पट्टी लावून सिलिकॉन भरायचं होतं. मी नाही म्हटलं. शिंगलच्या, म्हणजे छपरावर एकावर एक चढवलेल्या चपट्या तुकड्यांच्या, प्रत्येक ओळीला पत्र्याचा काटकोनात दुमडलेला एक तुकडा, वरचा खालच्यावर चढलेला, आणि त्यांच्यावरून भिंतीचं आवरण, असं करून घेतलं. सिलिकॉन कधीतरी सुटतंच. पाणी उताराने आपोआप बाहेर पडायला हवं. डॉर्मरचं स्वतःचं छप्पर जवळजवळ सपाट, म्हणून त्यावर शिंगल न घालता उभ्या जोडांचा पत्रा घातला.

उताराखाली उरलेल्या बुटक्या जागेत सुताराने खोल खण करून दिले. त्यांच्या मागेही इन्सुलेशन भरून घेतलं.