ला ट्राव्हियाता पहिल्यांदा बघणार असाल तर

परवा आईबरोबर ला ट्राव्हियाता, म्हणजे व्हेर्दी या इटालियन संगीतकाराचा ऑपेरा (गाऊन सादर होणारं नाटक), बघितला, घरीच, टीव्हीवर, इंग्रजी सबटायटल्स लावून, आणि दर थोड्या वेळाने पॉज करून मी तिला मराठीत सांगत होते. दोन रात्री लागल्या. पूर्वी मी स्वतः हाच ऑपेरा दोनदा अर्ध्यावर सोडलाय, कारण वाटायचं की इटालियन येत नाही म्हणजे आपल्याला यातलं काय कळणार. तसं अजिबात नाहीये. गोष्ट साधी आहे, आणि आधी माहीत असली तर उलट बरंच, आपल्याकडे संगीत नाटकाला जाणाऱ्यांना गोष्ट पाठच असायची की, ते जायचे पद कसं रंगतंय ते ऐकायला.

तर गोष्ट. व्हायोलेटा ही पॅरिसमधली, श्रीमंत पुरुषांच्या पैशावर राहणारी, पार्ट्यांमध्ये सगळ्यांच्या नजरेत असलेली बाई, आणि तिला क्षय झालाय. आल्फ्रेडो नावाचा मुलगा तिच्यावर खरंखुरं प्रेम करतो. ती सगळं सोडून त्याच्याबरोबर गावाकडे राहायला जाते, मग एक दिवस त्याचे वडील येतात आणि तिला सांगतात की तू त्याला सोड. ती सोडते. आल्फ्रेडोला खरं कारण माहीत नसतं, तो भर पार्टीत जुगारात जिंकलेले पैसे तिच्या अंगावर फेकतो. शेवटी सगळा उलगडा होतो तेव्हा तिच्याकडे काही तासच उरलेले असतात. ट्राव्हियाता म्हणजे वाट चुकलेली, आणि तीन अंक बघून झाले की हे नाव तिला कोणी दिलं असेल त्याचाच राग येतो.

यामागे एक खरी बाई आहे. मारी द्युप्लेसी, पॅरिसमध्ये १८४७ साली वयाच्या २३व्या वर्षी क्षयाने गेली. तिला जवळून ओळखणाऱ्या धाकट्या अलेक्झांडर द्युमाने (बापही त्याच नावाचा लेखक) तिच्यावरून कादंबरी लिहिली, मग नाटक, आणि नाटक रंगभूमीवर आल्यावर साधारण वर्षभरात व्हेर्दीचा ऑपेरा तयार. म्हणजे लोकांच्या आठवणीतली ताजी गोष्ट होती ही. व्हेर्दीला म्हणूनच पात्रांना त्या काळचेच कपडे हवे होते, पण ते मान्य झालं नाही, काळ दीडशे वर्षं मागे ढकलला गेला. ६ मार्च १८५३ ला व्हेनिसच्या ला फेनिचे थिएटरात पहिला प्रयोग झाला तो पडला. नायिका तब्येतीने चांगली भरलेली, आणि ती क्षयाने मरतेय म्हटल्यावर लोक हसले. दुसऱ्या दिवशी व्हेर्दीने पत्रात लिहिलं की काल सपशेल फजिती झाली, चूक माझी की गाणाऱ्यांची ते काळ ठरवेल. पुढच्या वर्षी मे महिन्यात थोडे बदल करून त्याच व्हेनिसमध्ये, दुसऱ्या थिएटरात, पुन्हा केला आणि लोकांनी डोक्यावर घेतला.

आता ऐकायचं कसं. माझं म्हणणं एवढंच की पहिल्या वेळी सगळं पकडायला जाऊ नका, एक चाल पकडा. पहिल्या अंकात पार्टीतलं ते प्रसिद्ध दारूचं गाणं होतं (ते तुम्ही कुठेतरी ऐकलेलं असणारच), व्हायोलेटाला चक्कर येते, बाकीचे नाचायला आत जातात आणि आल्फ्रेडो तिच्याशी एकट्याने बोलतो. तिथे तो एक ओळ गातो, 'दी क्वेल आमोर', की हे प्रेम म्हणजे सगळ्या विश्वाची धडधड आहे, काळजाला यातनाही आणि सुखही. चाल हळूहळू खाली उतरत येते, सोपी आहे, दुसऱ्यांदा ऐकल्यावर गुणगुणता येते. तेवढी लक्षात ठेवा.

कारण मग सगळे निघून गेल्यावर ती एकटी असते, आणि तीच चाल आता तिच्या तोंडी येते. मग ती स्वतःलाच झटकते, वेडेपणा आहे हा, मी मोकळीच राहणार म्हणून तारसप्तकात जबरदस्त ताना घेते, आणि बाहेरून आल्फ्रेडोचा आवाज येतो, पुन्हा तीच चाल. तो दिसत नाही. खरंच बाहेर आहे की तिच्या मनात वाजतंय हे आपलं आपण ठरवायचं, मला दरवेळी वेगळं वाटतं.

दुसऱ्या अंकातला वडिलांचा प्रवेश मात्र न थांबवता बघा. मी आईसाठी थांबवला आणि चूक केली, त्याची पकड सुटते. वडील जेरमों आवाज चढवत नाहीत. माझ्या मुलीचं लग्न ठरलंय, तुमच्यामुळे मोडेल, तुम्ही आमच्या घरासाठी देवदूत व्हा, असं गोड चालीत, अदबीने सांगत राहतात. व्हेर्दीने त्यांना खलनायक केलेलंच नाही आणि त्यामुळेच तो प्रवेश सोसवत नाही. आई मधेच म्हणाली, "अगं, हा तर आपल्याकडचाच कोणीतरी आहे, लोक काय म्हणतीलवाला." व्हायोलेटा शेवटी हळू आवाजात म्हणते की तुमच्या मुलीला सांगा, एका बाईकडे एकच सुख होतं ते तिने तुझ्यासाठी दिलं. त्या जागी आई काही बोलली नाही. व्हेर्दी स्वतः तेव्हा ज्युसेप्पिना स्ट्रेप्पोनी या गायिकेबरोबर लग्नाशिवाय राहत होता आणि बुसेतो गावात त्यावरून भरपूर बोललं जायचं. त्याने हा विषय का घेतला ते त्याने कुठे लिहिलंय का यात मी पडत नाही, पण या प्रवेशातलं दुखणं मला नुसतं कल्पनेतलं वाटत नाही.

आणि तिसरा अंक. बाहेर कार्निव्हल चालू, आत ती अंथरुणाला खिळलेली. कपाटात वीस नाणी उरलीत, त्यातली दहा ती गरिबांना वाटायला सांगते. मग एक पत्र काढते, जेरमोंचं, की आल्फ्रेडोला सगळं सांगितलंय, तो माफी मागायला येतोय. आणि हे पत्र ती गात नाही, वाचते. नुसत्या बोलण्याच्या आवाजात.

आपल्या संगीत नाटकात गद्य आणि पद आलटून पालटून येतं, त्याची आपल्याला सवय आहे. इथे तसं नाही, दीड तास सगळं गाण्यातच चाललंय, अगदी 'दार उघड' सुद्धा, आणि अचानक गद्य येतं. आणि ते गद्य चालू असताना खाली व्हायोलिनवर काय वाजतं, तर ती पहिल्या अंकातली चाल. शब्द बापाचे आणि चाल मुलाची. पत्र संपतं आणि ती म्हणते, 'ए तार्दी', उशीर झाला.

अजून एकदा येते ती चाल, अगदी शेवटी, व्हायोलिनवर, इतकी हळू की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. व्हायोलेटा उठून उभी राहते, म्हणते काय नवल आहे, दुखायचं थांबलं, मला परत जगावंसं वाटतंय. पहिल्या अंकात त्याच्या प्रेमाचा विचार करताना तिचा पहिला शब्द हाच होता, 'ए स्त्रानो', नवल आहे. आणि मग ती कोसळते.

कुठला प्रयोग बघायचा म्हणाल तर आधी जुन्या पद्धतीचे कपडे आणि सेट असलेला बघा, गोष्ट पटकन लागते. नंतर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग महोत्सवातला २००५ चा, गायिका अॅना नेत्रेब्कोचा मिळवा, त्यात स्टेजवर जवळपास काहीच नाही, एक भलंमोठं घड्याळ, तिचा लाल ड्रेस, आणि पहिल्यापासून तिच्याकडे बघत थांबलेला डॉक्टर.

आमचा संपला तेव्हा साडेअकरा वाजले होते. मी टीव्ही बंद करायला उठले तर आई म्हणाली, थांब, ते पत्राचं परत लाव, आणि या वेळी तू बोलू नकोस.