तुम्ही विचारलंत म्हणून: रेम्ब्रँट सोडून हा कशाला?

सतराव्या शतकातला थोर डच चित्रकार रेम्ब्रँट, त्याच्यावर बोलायला बोलावतात आणि मी मध्येच त्याचा शिष्य आर्ट द खेल्डर याची चित्रं दाखवते. मग चहाच्या वेळी कुणीतरी विचारतंच, "एवढा मोठा गुरू असताना हा नक्कल करणारा कशाला?"

नक्कल बहुतेक पोटासाठी होते. याला पोटाची चिंता नव्हती. १६४५ साली नेदरलँड्समधल्या डॉर्ड्रेख्त गावी सुखवस्तू घरात जन्मला, आधी तिथेच होख्स्ट्रातन या चित्रकाराकडे शिकला आणि १६६०नंतर अ‍ॅमस्टरडॅमला रेम्ब्रँटकडे गेला. तोवर रेम्ब्रँटचं दिवाळं निघालं होतं आणि गिऱ्हाइकांना गुळगुळीत, चकचकीत चित्रं आवडू लागली होती. म्हणजे पोराने गुरू धरला तो त्याच्या पडत्या काळात! गुरू १६६९मध्ये गेला. शिष्य गावी परतून, लग्न न करता, १७२७पर्यंत गुरूच्याच जाड, खरबरीत रंगात रंगवत राहिला. मैफली बदलल्या तरी घराण्याची गायकी न सोडणारे असतात, तसा.

त्याच गावचा चित्रकार-चरित्रकार हाउब्राकन सांगतो, की हा कधी अंगठ्याने रंग लावायचा, कधी सुरीने थापायचा, आणि ओल्या रंगात ब्रशच्या दांड्याने ओरखडे काढायचा. जुनेपाने कपडे आणि शस्त्रं यांचा ढीगही गुरूसारखाच जमवलेला.

माझं लाडकं चित्र फ्रँकफुर्टच्या श्टेडेल संग्रहालयात आहे, १६८५चं. त्यात तो स्वतःच झ्यूक्सिस झालाय. हा ग्रीक चित्रकार एका म्हातारीचं चित्र काढताना हसून हसून मेला, अशी दंतकथा. आता गंमत बघा. कोलोनमध्ये रेम्ब्रँटचं म्हातारपणीचं हसरं आत्मचित्र आहे. तो का हसतोय, यावर अभ्यासकांनी बराच खल केला. शिष्याचं चित्र शेजारी ठेवल्यावर कळलं, की गुरूही झ्यूक्सिसच असावा. सावलीतल्या माणसाने उजेडातल्याचा अर्थ लावून दिला!

त्याचं सगळंच काम मला आवडतं असं नाही. बायबलमधल्या एस्थर राणीची चित्रं त्याने इतकी काढली, की कपड्यांवरचं जरीकाम बघून डोळे दमतात. पण १७१५च्या सुमारास, सत्तरीत, त्याने येशूच्या अखेरच्या दिवसांची मालिका रंगवली. त्यातली दहा चित्रं जर्मनीत आशाफेनबुर्गला आहेत, दोन अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये. त्यांत माणसं चिमुकली आणि भोवतीची जागा अफाट. गुरूच्या रंगचित्रांत मी अशी मोकळी जागा क्वचितच पाहिली आहे. नक्कल म्हणणाऱ्यांना मी आधी हीच मालिका दाखवते.