मधुमेहींच्या कॉर्नियाची जाडी मोजताना : माझा अनुभव

मधुमेहींना कॉर्नियाच्या (बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याच्या) मोजणीसाठी मी सकाळी दहाच्या आधी बोलावत नाही. मिटल्या डोळ्यांत कॉर्निया रात्रभर थोडा फुगतो, आणि आतल्या थरातल्या पेशींचा पाणी उपसण्याचा जोर मधुमेहात कमी झालेला असू शकतो. उठल्यावर निदान दोन तास तरी जाऊ द्यावेत.

क्रम ठरलेला : आधी पेंटाकॅम (फिरत्या कॅमेऱ्याने कॉर्नियाचे फोटो घेणारं यंत्र), मग ओसीटी (प्रकाशाने थरांचं चित्र काढणारं यंत्र), अगदी शेवटी डोळ्याला टेकवायचा अल्ट्रासाउंडचा प्रोब. पहिल्या दोन्हींत डोळ्याला स्पर्श नाही, थेंबही नाहीत. पेंटाकॅमचा कॅमेरा साधारण दोन सेकंदांत डोळ्याभोवती फिरतो. तेवढ्यात पापणी लवली की फोटो बाद. पुण्याच्या एप्रिलमध्ये डोळे आधीच कोरडे, त्यात वेटिंग रूममधला पंखा! म्हणून दोनदा पापण्या मिटायला लावून लगेच फोटो घ्यायचा.

प्रोबसाठी डोळा बधिर करणाऱ्या प्रोपॅराकेन 0.5 टक्क्याचा एक थेंब टाकून मिनिटभर थांबते. नजर समोर दूरवर, प्रोब मध्यावर काटकोनात. तिरका लागला तर जाडी जास्त येते, दाबला तर कमी. पाच रीडिंग घेऊन एखादं फटकून असेल तर ते सोडते. टोक स्पिरिटने पुसलं असेल तर पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर वरचा थर भाजतो. मधुमेहींत हा थर सैल असतो, जखम सावकाश भरते, आणि संवेदना कमी झालेली असली तर पेशंट दुखल्याचं सांगतही नाही. त्यामुळे नंतर फ्लुरेसिन (जखम दाखवणारा रंग) घालून स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकावर, बघतेच. बधिरपणा जाईपर्यंत डोळा चोळायचा नाही, हे सोबतच्या नातेवाइकालाही सांगते.

खरी गफलत आकडे जुळवताना होते. पेंटाकॅम कॉर्नियाच्या शिखराची (मध्यावरच्या सर्वात पुढच्या बिंदूची) जाडी वेगळी देतो, सगळ्यात पातळ जागेची वेगळी; काही ओसीटी यंत्रं मधल्या 2 मिलिमीटर भागाची सरासरी देतात. ओसीटीचा आकडा अल्ट्रासाउंडपेक्षा बऱ्याचदा कमी भरतो. सर्वसाधारण कॉर्निया 540 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, आणि मधुमेहाने वाढणारी जाडी सरासरीत मोजक्याच मायक्रॉनची. तेवढा फरक नुसत्या यंत्रबदलानेही दिसतो! गेल्या वर्षी कोथरूडला ओसीटी, यंदा हडपसरला प्रोब, आणि फाइलवर 'कॉर्निया जाड झाला'.

काचबिंदूचा संशय असेल तर हे जास्तच जपावं लागतं. डोळ्यातलं प्रेशर मोजणारा गोल्डमन टोनोमीटर साधारण 520 मायक्रॉन जाडी गृहीत धरून बनलेला. जाड कॉर्नियावर प्रेशर खोटं जास्त दिसतं. प्रेशर मी जाडीनंतरच मोजते, आणि आकड्यापुढे यंत्र, जागा नि वेळ लिहिते.