डोळ्यातला पांढरा रंग पांढरा नसतो

आज वेंगुर्ल्यात शेजारच्या काकी तैलरंगातल्या पोर्ट्रेटसाठी पडवीत बसल्या. उजेड डावीकडून, माडांतून गाळून येणारा. सर म्हणाले, आधी डोळे किलकिले करून बघ. तसं केलं की नाक-ओठ हरवतात आणि फक्त उजेडाचे, सावलीचे ठोकळे उरतात. ते बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग पातळ करून मांडले. हा रंग लवकर सुकतो, म्हणून खालच्या थराला बरा. वरच्या थरांत मात्र तेल वाढवत न्यायचं, नाहीतर पुढे रंगाला भेगा पडतात.

त्वचेसाठी चारच रंग: यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम रेड, आयव्हरी ब्लॅक आणि टायटॅनियम व्हाइट. निळा नाहीच! पण काळ्यात पांढरा मिसळला की तो ऑकरशेजारी चक्क निळसर दिसतो, आणि ऑकरमध्ये काळा घातला की हिरवट. काकींच्या हनुवटीखालची सावली तशीच हिरवट होती. डोळ्यातला पांढरा भाग तर राखाडीच काढावा लागतो; शुद्ध पांढरा फक्त बुबुळावरच्या चमकेला आणि नथीच्या मोत्याला.

तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यात आपली ही दमट हवा. पुढचा थर कधी द्यायचा, ते बोट लावूनच ठरवायचं. (सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर चटकन सुकणाऱ्या जलरंगात एवढे का रमले असतील, असं उगाच मनात आलं.)

"माका आणि किती वेळ बसवतलंस?" काकींनी तीनदा विचारलं. शेवटी उठून कॅनव्हाससमोर आल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "ही तर माझी आवस!" आवस म्हणजे आई.