उजवीकडचा 'नाही'

प्रेसचा पोरगा दिवाळी अंकाची प्रुफं परत घेऊन आला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मालकांनी निळ्या पेनने जागोजागी गोल केले होते. चाळीस वर्षं मुद्रितशोधन करतोय, माझ्या हातून गेलेल्या प्रुफावर दुसऱ्या कुणी इतके गोल केलेले मला आठवत नाहीत. आधी राग आला. मग नीट बघितलं तर सगळ्या चुका एकाच जातीच्या. 'देवाला'चं 'देवाल' झालेलं, 'घरातून'चं 'घरातुन', आणि ओळीच्या टोकाला 'नाही' दोनदा पडलेला. शब्दांची तोंडं धुतलेली, शेपट्या तशाच.

नंबर वाढला असेल म्हणून चष्मा बदलला. महिन्याभराने पुन्हा बदलला. दुकानदाराने दोन्ही वेळा पैसे घेतले आणि दोन्ही वेळा 'वयोमानाने होतं' असं सांगितलं. मी ६३ चा, त्यामुळे वाद घालता आला नाही.

खरा प्रकार लक्षात आला तो बसस्टॉपवर. मिरजेला जायचं होतं आणि येणारी प्रत्येक बस 'सांगली'. सांगलीतच उभा राहून सांगलीची बस कशाला पकडू? तिसरी गेल्यावर शेजारच्या बाई म्हणाल्या, "काका, मिरजेचीच होती की ती." पाटीवर 'सांगली - मिरज' असं होतं. मला अर्धीच पाटी दिसली होती.

घरी येऊन मी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहिलो. मधल्या तारखेवर नजर ठेवून उजवा डोळा झाकला. शुक्रवार-शनिवार गायब. मला वाटलं, चला, डावा डोळा बिघडलाय. मग डावा झाकून उजव्याने बघितलं. तेव्हाही शुक्रवार-शनिवार गायबच. दोन्ही डोळे एकाच बाजूला कसे बिघडतील? तिथे काळं-बिळंही काही नव्हतं. आपल्या पाठीमागे जसं काही दिसत नाही, तसं तिथे काहीच नव्हतं. म्हणून तर इतके दिवस कळलं नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी डोळे तपासले ते पाच मिनिटांत, मग एका पांढऱ्या अर्धगोलात तोंड घालून बसवलं. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मला वाटलं मशीन मधेमधे बंद पडतंय, कारण बराच वेळ काही चमकायचंच नाही. ते चमकत होतं, उजवीकडे. कागदावर दोन गोल छापून आले, दोन्हींचा उजवा अर्धा शाईने भरलेला. त्यानंतर एमआरआय. मेंदूच्या मागच्या भागात डावीकडे, जिथे दिसण्याचं काम चालतं, तिथला रक्तपुरवठा तुटला होता. दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं जे दिसतं, ते सगळं डाव्या मेंदूकडे जातं. गणपतीच्या सुमारास एका दुपारी डोकं प्रचंड दुखलं होतं, ते मी पित्त समजून झोपून काढलं होतं. तोच झटका. गोळ्या सुरू झाल्या, स्कूटर बंद झाली. गेलेली नजर पहिल्या काही महिन्यांत थोडीफार आली तर आली, नंतर फारशी आशा ठेवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उपजीविका वाचण्यावर चालते हे मी त्यांना दोनदा सांगितलं. ते गप्प बसले.

वाचन का गेलं, हे मला समजावलं माझ्या भाचीने. ती पुण्यात मानसशास्त्र शिकते. दिवाळीला आली, तेव्हा तिने हातआरसा पुस्तकाला टेकवून ठेवला आणि स्वतः वाचायला लागली. म्हणाली, "मामा, आरशात माझे डोळे बघा." मला वाटायचं नजर ओळीवरून घरंगळत जाते. कुठलं काय! डोळे टक् टक् टक् उड्या मारत होते, आणि ओळ संपली की एकदम लांब झेप डावीकडे. चिमणी अंगणात दाणे टिपते तसं. एका ठिकाणी डोळा थांबतो तो जेमतेम पाव सेकंद, आणि वाचन होतं ते त्या थांब्यावर. उडीत काहीच उचललं जात नाही. इंग्रजी वाचताना एक उडी साधारण ७ ते ९ अक्षरांची असते, आणि शंभरातल्या दहा-पंधरा उड्या उलट्या, मागे जाणाऱ्या असतात.

हे सगळं मोजणाऱ्यांत कीथ रेनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं नाव मोठं. १९७५ मध्ये त्यांनी आणि जॉर्ज मॅकॉन्की यांनी एक युक्ती केली. माणूस पडद्यावर वाचतोय, त्याचा डोळा कुठे आहे ते यंत्र टिपतंय, आणि नजरेच्या आसपासची थोडीच अक्षरं खरी ठेवून बाकी सगळा मजकूर संगणक बिघडवून टाकतोय. डोळा हलला की ती खिडकीही हलते. खिडकी लहान-मोठी करत त्यांनी पाहिलं की वाचणाऱ्याला अडखळायला कधी होतं. अशा प्रयोगांतून निघालं ते असं: इंग्रजी वाचताना आपण नजरेच्या डावीकडची ३-४ अक्षरं वापरतो आणि उजवीकडची १४-१५. म्हणजे डोळा एका शब्दावर असतो, तेव्हाच मेंदू पुढच्या शब्दाची चाहूल घेत असतो.

"आणि हिब्रू?" मी विचारलं. भाची हसली. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, तर त्यांची खिडकी डावीकडे लांब निघाली. रेनर आणि सहकाऱ्यांनी तेही १९८१ मध्ये छापलं होतं.

देवनागरीत मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, जोडाक्षरं वेगळीच. तेव्हा ते आकडे आपल्याला जसेच्या तसे लावू नयेत, असं माझं मत. पण दिशा तीच. माझी पुढची चाहूलच गेली होती. आणि मराठीचा सगळा कारभार तर मागे असतो! 'घरात', 'घराला', 'घराचा', 'घरून' यांत फरक पडतो तो शेवटी. क्रियापद वाक्याच्या टोकाला, आणि 'नाही' तर त्याच्याही मागे. 'सरकार मदत देणार' एवढं वाचून मी बायकोला बातमी सांगितली होती. तिने पेपर हातातून घेतला. "अहो, देणार नाही असं लिहिलंय."

भाचीने लंडनच्या संशोधकांचा एक उपाय शोधून काढला. मजकूर पडद्यावर उजवीकडून डावीकडे सरकत ठेवायचा, टीव्हीवरच्या बातम्यांच्या पट्टीसारखा, आणि तो रोज वाचायचा. रेल्वेच्या खिडकीतून खांब बघताना डोळा खांबाबरोबर मागे जातो आणि आपोआप पुढच्या खांबावर उडी घेतो, तसंच इथे. उजवीकडे उडी मारायची सवय डोळ्याला लागते. नजर परत येत नाही, वाचन सुधारतं. तिने माझ्या फोनवर मराठी मजकुराची तशी पट्टी करून दिली. रोज २० मिनिटं. पहिले आठ दिवस गरगरायचं. एक छापील पान सुरुवातीला ४० मिनिटं घ्यायचं, दोन महिन्यांनी ते २५ वर आलं. पूर्वी सहा-सात लागायची.

जोडीला प्रेसमधला उपाय मी स्वतः केला. पानाच्या उजव्या समासाला लाल दोरा लावतो. दोरा दिसेपर्यंत ओळ संपली असं मानायचं नाही.

दुसरा प्रयोग थोडा वेडा आहे. मी छपाईचे शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवण्यापासून सुरुवात केलेला माणूस. खिळे ज्या पट्टीत जुळवतात त्या स्टिकमधली अक्षरं उलटी असतात, ती सवय होती. म्हटलं, पान पूर्ण फिरवून धरलं तर? मग ओळ उजवीकडून डावीकडे धावते आणि पुढचा शब्द माझ्या शाबूत बाजूला येतो, हिब्रूवाल्यांसारखा. अडचण अशी की स्टिकमध्ये अक्षर उलटं असलं तरी ओळ डावीकडूनच चालते, त्यामुळे जुनी सवय अर्धीच उपयोगी पडली. सलग वाचणं जमत नाही, दमायला होतं. पण ओळींची टोकं तपासायला मात्र पान फिरवूनच घेतो.

मालकांनी मार्चमध्ये एक कवितासंग्रह पाठवला. कवितेच्या ओळी आखूड, हे त्यांनी मुद्दाम केलं असावं. ६४ पानांना अकरा दिवस लागले. शेवटच्या दिवशी पान उलटं धरून बसलो होतो, तेवढ्यात प्रेसचा पोरगा आला आणि दारातच थबकला. त्याने बायकोला हळूच विचारलं, "काकू, काकांना बरं नाही का?"

त्याच्या वाक्यातला 'नाही' मला नीट ऐकू आला. पानावरचाही तेवढ्यात सापडला होता, 'ह'ची वेलांटी ऱ्हस्व पडलेला.